दोन बोटं माया

नुमान परकार आमच्या दुकानात पहिल्यांदा आला तो एका पॅन्टची उंची कमी करून घ्यायला. प्रेमकथेची सुरुवात याहून रुक्ष असू शकत नाही, पण जे झालं ते झालं. मला उगाच चांदणं-बिंदणं आणता येत नाही.

दुकान वाकोल्याला, मार्केटच्या मागच्या गल्लीत. माझं आणि दर्शनाचं. मी अर्शिया खोत, ती दर्शना सावंत, म्हणून पाटीवर नाव ‘दर्शिया’. लोकांना वाटतं कुणा गुजराती बाईचं दुकान आहे. आम्ही दोघी फॅशन डिझायनिंगच्या एकाच वर्गात होतो. ती ब्लाउज बघते, मी लग्नाचे कपडे, आणि ऑल्टरेशन जिच्या हाताला लागेल तिने करायचं.

त्या दिवशी ते माझ्या हाताला लागलं. समोर एक उंच, सडपातळ माणूस. बारीक दाढी, दुधी रंगाचा साधा कुर्ता, हातात पॅन्ट. नजर काउंटरवर. ‘घोट्याच्या वर ठेवा,’ एवढंच म्हणाला आणि मापाला जुना पायजमा ठेवून गेला. पुरुषांचं माप आम्ही अंगावर घेत नाही, मापाचा कपडा मागून घेतो. त्याला ते सांगायचीही वेळ आली नाही. मी त्याच्याकडे फारसं बघितलं नाही. म्हणजे, एकदा बघितलं.

आता घोट्याच्या वर म्हटलं की मुंबईत माणसाच्या डोळ्यांपुढे काय येणार? अंधेरीतली निम्मी पोरं तशीच फिरतात, घोटे उघडे आणि मोजे गायब. मी उंची कमी केली. नुसती उंची कमी केली तर ध्यान दिसेल, म्हणून वर मेहनत घेऊन गुडघ्यापासून खाली छान निमुळती करून दिली. एकदम झकास फिटिंग.

दोन दिवसांनी तो पॅन्ट घेऊन हजर. तो पार्ल्याच्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो, हे तेव्हा कळलं. पॅन्ट घालून वर्गात गेला तर मागच्या बाकावरून शिट्टी आली, आणि एका पोराने ब्रँड कुठला म्हणून विचारलं. मी म्हटलं, मग चांगलंच झालं की.

“चांगलं कसं?” तो म्हणाला. चिडला नव्हता, खरंच गोंधळला होता. “पूर्वी लांब, जमिनीवर लोळणारा कपडा म्हणजे श्रीमंतीचा तोरा होता. म्हणून आमच्यात वर ठेवतात... कुणाच्या नजरेत भरू नये म्हणून. आणि मी अख्ख्या कॉलेजच्या नजरेत भरलोय.”

आमच्यात म्हणे. मीही त्याच आमच्यातली, श्रीवर्धनची खोत. मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण पायजमा शिवायला आलेल्या मौलाना मंडळींच्या बाबतीत ते डोक्यात आलं असतं, पॅन्टच्या बाबतीत नाही आलं. मी त्याला सांगितलं, आता जमाना उलटा झालाय, तोरा मिरवणारेच घोटे दाखवत फिरतात. साधं राहायचं असेल तर तुम्हीच आता जमिनीवर लोळवा.

तो हसला. आधी खांदे हलले, मग आवाज आला. दर्शनाची मशीन थांबली.

“ही पुन्हा सैल होईल?” त्याने विचारलं.

“होईल ना. आत माया आहे.”

“काय आहे?”

मला हसूच आलं. तो उर्दू शाळेत शिकलेला, घरी कोकणी बोलणारा; शिंप्याची माया त्याच्या कानावरून कधी गेली नव्हती. मी पॅन्ट उलटी करून शिलाई दाखवली. टिपेच्या आत जास्तीचा कपडा सोडतात, त्याला माया म्हणतात. बाहेरून दिसत नाही. माणूस अंगाने भरला की उसवून सोडायची. बाजारच्या तयार कपड्यांत ती नावालाच असते, मी दोन बोटं ठेवते.

“दोन बोटं माया,” तो हळूच स्वतःशी म्हणाला, आणि पहिल्यांदा वर बघितलं.

तेवढ्यावर माझी वाट लागली. खोटं कशाला बोलू?

मग त्याचे कुर्ते येऊ लागले. लॅबमध्ये ॲसिडचा थेंब उडाला की कपड्याला लगेच काही दिसत नाही, पण एक धुणं झालं की तिथे भोक. कडा तपकिरी, हात लावला की झडणाऱ्या. मी रफू करायचे. त्याच्याकडे कुर्ते मोजकेच, सगळे दुधी नाहीतर राखाडी. नवा का घेत नाही विचारलं तर म्हणायचा, हा आहे ना अजून. रफू बघायला मात्र उजेडात जायचा, बोट फिरवायचा, म्हणायचा, भोक कुठे होतं सांगा. मी म्हणायचे, सांगितलं तर माझा धंदा बसेल. असं चालायचं. दर्शना आतून खोकायची.

आता यात माझं एक भलतंच सुरू झालं. मला रंग आवडतात. माझी एक पोपटी ओढणी आहे, बारीक आरशांची, मीच भरलेली. ती डोक्यावरून घेतली की मला माझा दिवस चांगला वाटतो. ती मी ठेवून दिली. तो यायचा असेल त्या दिवशी राखाडी, मग रोजच राखाडी. बांगड्या गेल्या. काजळही गेलं. त्याने एका शब्दाने काही म्हटलं नव्हतं. मीच आपलं ठरवून टाकलं होतं की असल्या माणसाला असलीच मुलगी लागणार, आणि मला तर तो हवा होता.

दर्शनाने एक दिवस सरळ विचारलं, “काय गं, घरात कोणी गेलं का?”

मी म्हटलं, साधं राहावं असं वाटतं. ती म्हणाली, साधं राहा की, पण तुझं तोंड का उतरलंय? मी काज करत बसले.

आणि मग सपनाची फिटिंग होती. सपना कांजूरमार्गची, स्वतःच्या लग्नाच्या रिसेप्शनसाठी माझ्याकडून घागरा शिवून घेत होती. लाल, भरगच्च जरीचा. ती पडद्यामागे घालून बघत होती आणि नुमान रफूचा कुर्ता न्यायला आलेला. काउंटरवर तिच्या ओढणीचा ढीग पडला होता. तो त्याकडे बघून म्हणाला, “एका दिवसासाठी एवढं? लोकांना दाखवायला माणसं काय काय करतात... कीव येते.”

आवाज मोठा नव्हता, पण पडदा तो पडदाच, भिंत नाही. सपना बाहेर आली तेव्हा दोन्ही हातांनी घागरा चुरगळून धरला होता, जणू तो लहान होईल. मला म्हणाली, ताई, जास्त झालंय का... थोडी जर काढून टाकता येईल?

ही पोरगी जन्मभर मावसबहिणींचे उतरलेले कपडे घालत आली होती. पहिल्या दिवशी माप घेताना टेप अंगाला लागली तेव्हा हसत सुटली होती, कारण तिचं माप कुणी कधी घेतलंच नव्हतं. मी तिला सांगितलं, एक तारही निघणार नाही. तिला आत पाठवलं, दर्शनाला तिच्याबरोबर पाठवलं, आणि मग नुमानकडे वळले. मला राग आला की माझा आवाज खाली जातो. फार खाली गेला होता.

मी त्याला सपनाचं सगळं सांगितलं. मग म्हटलं, “पायजमा घोट्याच्या वर आणि नाक आभाळाला. याला साधेपणा म्हणतात का?”

तो काही बोलणार होता. मी बोलू दिलं नाही. माझे अब्बा बोटीवर होते, साऱ्या जगाचे कपडे बघून आलेले. ते आम्हाला लहानपणी सांगायचे: हुजूरांना, म्हणजे पैगंबरांना, एकाने विचारलं होतं, मला चांगला कपडा आवडतो, चांगली चप्पल आवडते, हा गर्व झाला का? तर हुजूर म्हणाले, अल्लाह सुंदर आहे, त्याला सुंदर गोष्टी आवडतात. गर्व म्हणजे खरं नाकारणं आणि माणसांना कमी लेखणं. हे मी त्याला ऐकवलं. वर हेही ऐकवलं की इतरांहून उठून दिसायला फाटकं घातलं काय आणि जरीचं घातलं काय, कापड वेगळं, दुकान एकच.

त्याचा चेहरा पांढरा पडला. कुर्ता उचलला, “सलाम” म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी मी पोपटी ओढणी कपाटातून बाहेर काढली. जिद्दीनेच काढली. बांगड्या घातल्या, काजळ घातलं, आणि दिवसभर गल्लीच्या कोपऱ्याकडे बघत बसले. तो आला नाही. पुढच्या आठवड्यात नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मी बरोबर होते, यात मला शंका नव्हती. पण बरोबर असून दुपार सरत नाही ना. इतकं दुखत होतं की टाके वाकडे पडत होते, आणि मला माझा वाकडा टाका सहन होत नाही.

सपना घागरा न्यायला आली त्या दुपारी तो दारात उभा होता. दर्शनाला फोन करून त्याने दिवस विचारून घेतला होता, आणि त्या बयेने मला पत्ता लागू दिला नव्हता. तो आत आला तो सपनाकडेच गेला. माझ्याकडे बघितलंही नाही.

“ताई, त्या दिवशी मी बोललो ते चुकीचं होतं,” तो म्हणाला. “माफी मागायला आलोय. घागरा सुंदर आहे. खुशीने घाला.”

सपना बिचारी गडबडली. असू दे, असू दे म्हणाली. मग जरा धीर करून म्हणाली, सर, फोटो पाठवीन. दर्शना तिला सोडायला रिक्षापर्यंत गेली आणि परत आलीच नाही. वडापाव खायला गेले होते म्हणून नंतर सांगितलं.

आम्ही दोघंच. काउंटर मध्ये. त्याने पिशवीतून एक कुर्ता काढला, पण माझ्याकडे दिला नाही, हातातच धरून राहिला.

“मशिदीत लोक म्हणतात, परकारसर किती साधे,” तो म्हणाला. “मला ते ऐकायला आवडतं. कॉलर विरली होती, तरी मी तो कुर्ता आणखी चार दिवस घातला, कुणीतरी बघावं म्हणून. हे तुम्ही बोलेपर्यंत मला... दिसलंच नव्हतं.”

आता काही टोचून बोलावं असं वाटेना. त्याने कुर्ता पुढे केला. मी भोक बघितलं. कडा तपकिरी नाहीत, झडत नाहीत. सरळ, स्वच्छ.

“हे ॲसिड नाही,” मी म्हटलं. “ही कैची आहे.”

त्याचे कान लाल झाले. “यायला काहीतरी कारण हवं होतं. चांगला कुर्ता कापला. उधळेपणाच झाला, त्याची वेगळी माफी मागावी लागेल.”

“ॲप्रन घालत नाही का लॅबमध्ये?”

“रोज घालतो.”

“मग आधीची भोकं?”

“पहिलं खरं होतं,” तो म्हणाला. “बाकीच्यांच्या वेळी... ॲप्रनची बटणं लावायला विसरायचो.”

मी ओढणी तोंडाला लावली, कारण हसू आवरेना. आरसे चमकले असणार. तो त्याकडे बघत म्हणाला, मध्ये ही घालत नव्हता तुम्ही. मी सांगून टाकलं, तुमच्यासाठीच घालत नव्हते.

“मला विचारायचं तरी,” तो म्हणाला. “मी कोपऱ्यावरून दुकान हिच्यावरूनच ओळखायचो.”

“नजर तर खाली असते ना तुमची?”

“दुकानात असते. कोपऱ्यावर नसते.”

बाहेर भाजीवाल्याचं कुणाशी तरी वाजलं होतं. तेवढा वेळ आम्ही दोघंही कोथिंबिरीचा भाव ऐकत राहिलो. मग तो म्हणाला की त्याला एक नवीन कुर्ता शिवून हवाय. मी वही ओढली, रंग विचारला.

“तुम्हाला आवडेल तो. फक्त असा शिवा... की लोकांनी वळून बघू नये. पण तुम्ही बघावं.”

पेन्सिल माझ्या हातातच राहिली. यावर मुलीने काय बोलायचं, ते मला कुणी शिकवलं नव्हतं. जे येत होतं तेच बोलले.

“बाहेरून साधाच शिवीन,” मी म्हटलं. “आत किती माया ठेवायची, ते मात्र माझं मी बघेन.”

तो म्हणाला, “अम्मीला तुमच्या घरी पाठवू?”

मी म्हटलं, पाठवा, पण अब्बा आधी चहा पाजतील आणि मग बोटीच्या गोष्टी सांगतील, वेळ काढून या म्हणावं.

निकाह साधाच झाला, घरातल्या माणसांत. त्याला तसा हवा होता आणि खरं सांगायचं तर मलाही. ओढणी पोपटी होती. ती माझी अट. त्याने मी शिवलेला कुर्ता घातला होता, गडद निळा, एकही भरतकाम नसलेला. कुणी वळून बघितलं नाही. मी बघत होते.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा त्याच्या अंगावर टेप लावली. निळा कुर्ता त्याच्या जुन्या कुर्त्याच्या मापावरून शिवला होता, म्हटलं एकदा खरं माप घेऊन टाकू. खांदा मोजला आणि थांबले. पुन्हा मोजला. कुर्त्यापेक्षा खांदा मोठा होता, चांगला बोटभर. म्हणजे कालचा अख्खा दिवस हा माणूस त्या निळ्या कुर्त्यात आवळून बसला होता, आणि हूं की चूं नाही.

“बोलला का नाहीस रे?” मी विचारलं. पहिल्यांदाच अरे-तुरे निघालं तोंडातून.

तो खांद्यावरची टेप तशीच ठेवून म्हणाला, “तूच म्हणाली होतीस ना, आत माया आहे. मला वाटलं, सोडशील सावकाश.”

मी कुर्ता उलटा केला आणि टीप उसवायला घेतली. दोन बोटं नव्हती, चांगली चार बोटं ठेवली होती मी.