न मागितलेला स्टार

बोरिवलीच्या मिक्सर-फ्रिजच्या शोरूमचं शटर अर्धंच वर गेलं होतं. त्याखालून एक उंच तरुण वाकून आत शिरला.

"ओ मिस्टर, अजून उघडलं नाहीये. बाहेर थांबा!" तक्रार काउंटरवरची बेव्हर्ली खेकसली. मग बाहेरचं ऊन बघून तिनंच त्याला स्टूल नेऊन दिलं.

तो हसला... गालाला खळी पडली. बेव्हर्लीनं पटकन नजर वळवली.

तो अनिरुद्ध, कंपनीनं पाठवलेला ट्रेनर. त्यानं नवी योजना आणली होती — जो गोड बोलेल त्याला गिऱ्हाइकानं स्टार द्यायचा, जास्त स्टारवाल्याला बक्षीस. सेल्समन विकी लगेच कामाला लागला. "काकू, स्टार द्या ना!" तक्रार काउंटरवर मात्र लोक भांडायलाच यायचे. बेव्हर्लीची पाटी कोरीच. अनिरुद्धशी तिची मैत्री झाली, अरे-तुरे सुरू झालं, पण स्टार काही येईना.

एका दुपारी सोनूबाईंनी जळका मिक्सर काउंटरवर आदळला. चटण्या विकून घर चालवणारी बाई. तोंडाचा पट्टा थांबेना.

"मावशी, आधी पाणी प्या. मग भांडू आपण."

वॉरंटी संपलेली. तरी बेव्हर्लीनं कंपनीशी फोनवर हुज्जत घालून दुरुस्ती फुकट करून घेतली, आणि तोवर वापरायला स्वतःच्या जबाबदारीवर शोरूममधला मिक्सर दिला. सोनूबाई डोळे पुसत गेल्या.

अनिरुद्ध बघत होता. "स्टार का नाही मागितलास?"

"मागून घेतलं तर बक्षीस कसलं रे? भीक झाली ना ती!"

मग कंपनीच्या साहेबांशी वाद घालून त्यानं नियमच बदलला — आता सहकाऱ्यांनी, डोळ्यांनी पाहिलेल्या कामासाठी नाव सुचवायचं.

बक्षिसाच्या दिवशी पहिला उठला तो विकीच. "बेव्हर्ली! भांडायला आलेला माणूस ती हसवून पाठवते. आपल्याला नाय जमत, यार." मागोमाग सगळेच उठले. बेव्हर्ली ताठ मानेनं पुढे गेली.

कार्यक्रम संपला. अनिरुद्ध बॅग आवरू लागला. पुढचं काम चेंबूरच्या शाखेत.

"सगळ्यांनी माझं नाव घेतलं. तू नाही घेतलंस," ती म्हणाली.

"नाव सुचवणारा तटस्थ हवा ना... मी नाही राहिलो."

"म्हणजे?"

"म्हणजे — प्रेमात पडलोय तुझ्या."

बेव्हर्लीचे कान तापले. "रविवारी ये आमच्या घरी, मनोरीला. मम्मीला दाखवायचंय तुला."

"काय सांगशील?"

"की हा माणूस चूक कळली की सुधारतो. असा शोधलाय मी!"

आणि भर शोरूममध्ये, सगळ्यांच्या देखत, तिनं त्याचा हात घट्ट धरला.