मांडी आईची, मुंडकं सम्राटाचं

उन्हं कलली तशी नामगिद्दे म्हातारी नातवाला टोपलीत घालून देवळाकडे निघाली. लेक बाळंतपणात गेली होती. शेळीचं दूध पोराला पचेना. आता तर त्याचं रडणंही क्षीण झालं होतं.

रोमच्या राज्यातल्या त्या आफ्रिकी गावाची रीत जुनी होती. आई गेलेलं तान्हं झऱ्याच्या देवीच्या दगडी मांडीवर ठेवायचं. अंधार पडेपर्यंत गावात कुणाला ना कुणाला पान्हा फुटायचा आणि ती बाई आपल्या पायांनी चालत यायची.

पण नगरसभेला राजभक्तीचा उमाळा आला होता. नव्या पुतळ्याला वेळ कुठला? देवीचं शीर उतरवून रोमच्या सम्राटाचं बसवलं, छातीवर गिलाव्याचं चिलखत थापलं. सम्राटाला या गावाचं नावही ठाऊक नसावं. मारुल्लुस सावकार मात्र त्याचा पुजारी झाला आणि नाटकाला मानाच्या पहिल्या रांगेत बसू लागला. भक्ती फळली म्हणायची.

नामगिद्देने पोर त्या दगडी मांडीवर ठेवलं तसा मारुल्लुस ओरडला, "ए म्हातारे! सम्राटाच्या मांडीवर पोर ठेवतेस? मुतेल ते!"

"मांडी आमच्या आईचीच आहे, मालक. मुंडकं तेवढं तुमचं."

"अगं, धान्य, पाणी, शांतता, सगळं तोच देतो."

"मग पान्हाही देईल?"

"देईल की!" मारुल्लुस खो खो हसला. "तो नाही तर आम्ही त्याचे सेवक आहोतच. बैस, वाट बघ."

ती बसली. मारुल्लुस हसतच घरी गेला. धूप विझला. ओल्या गिलाव्याचा वास हळूहळू मागे सरला आणि गाभाऱ्यात दुसराच वास दाटला… कोमट, गोडसर. अंधारात पोराचं रडणं एकाएकी थांबलं. तिला हात लावून बघायचा धीर होईना.

पावलं वाजली. कुणीतरी अडखळत येत होतं.

"आलीस का बाई?" नामगिद्देने विचारलं.

तिने चाचपडत दिवा लावला. दिव्याच्या उजेडात मारुल्लुस उभा होता. दोन्ही हातांनी छाती आवळलेली. पांढरं वस्त्र ओलंचिंब.

"दे इकडे…" तो कण्हला. "फार दुखतंय गं."

तिने पोर उचलून दिलं. खांबाआड तोंड फिरवून तो बसला. बराच वेळ चुटूचुटू आवाज येत राहिला.

"म्हातारे…" मूर्तीकडे बोट करत तो कुजबुजला, "तिला सांग ना… माझ्याकडे बघून हसू नकोस म्हणावं."

नामगिद्देने दिवा वर धरला. वर सम्राटाचंच डोकं होतं. ओठ घट्ट मिटलेले.

"कुणाला, मालक?"

मारुल्लुसने मान वर केली नाही.