येते हं

भुताला अंधारच लागतो, असं कुणी सांगितलं कुणास ठाऊक. शंकीची गोष्ट सगळी उजेडातली. ती शिकायला गेली त्या परदेशी गावात उन्हाळ्यात रात्र नावालाच व्हायची. जेवणं उरकली तरी ऊन खिडकीत रेंगाळत बसलेलं असायचं.

शंकी हे घरचं नाव. लहानपणापासून ती प्रत्येक गोष्टीवर शंका काढायची, म्हणून मामाने ठेवलेलं. "हिला देव भेटला तर आधी ओळखपत्र मागेल," असं तो म्हणायचा. कॉलेजातून उन्हाळ्यापुरती परदेशी शिकायला निवड झालेली ती एकटीच. विषय पाण्याचा. तळ्याचं पाणी बाटल्यांत भरायचं, प्रयोगशाळेत तपासायचं, शेवटी प्रमाणपत्र घेऊन घरी यायचं. राहायची सोय एका एकट्या बाईंच्या घरी, वरच्या खोलीत.

या शिक्षणाची सगळी व्यवस्था बघणारा समन्वयक स्टेशनवर घ्यायला आला होता. हसण्यासाठीच नोकरीला ठेवला असावा, असा माणूस. गाडीत बसता बसता, कुणी विचारलेलं नसताना म्हणाला, "त्या घरात तुमच्या भाषेची मुलगी पहिल्यांदाच राहायला येतेय."

न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर! शंकीच्या मनात तिथेच पाल चुकचुकली.

दुसऱ्या दिवशी ती साबण आणायला निघाली. जिन्याच्या पायथ्याशी घरमालकीण पाठमोऱ्या उभ्या होत्या. शंकीच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "मावशी..." पुढचं दुकानाचं विचारणं इंग्रजीत होतं. पण बाई वळल्या त्या पहिल्याच शब्दाला. जन्मभर कुणी त्यांना मावशी म्हणत असावं तशा वळल्या. मग चेहरा उतरला आणि त्या स्वच्छ कठडा पुन्हा पुसू लागल्या.

पिशवी वरच राहिली होती. शंकीने ती आणली आणि खोलीचं दार ओढताना रिकाम्या खोलीला सांगितलं, "येते हं." घरी आईची ताकीदच होती: जाते म्हणायचं नाही. जाते म्हणतो तो परतत नाही.

दाराआडून उत्तर आलं, "ये."

तिने दार उघडलं. खाट, टेबल, कपाट. खिडकी बंद. एवढ्या कडक उन्हात खोली मात्र थंड, आणि खोबरेल तेलाचा वास. खाटेमागच्या भिंतीवर, टेकून बसलं की डोकं येईल तिथे, एक गोल तेलकट डाग होता. शंकीचे केस मुलांसारखे बारीक कापलेले. तेलाची बाटली तिने वर्षानुवर्षं उघडलेली नव्हती.

दुसरी असती तर रडली असती. शंकी चिडली. कुणीतरी आपली चेष्टा करतंय या खात्रीने तिने कपाट पुढे ओढलं, गादी उलटी केली, दिव्याची टोपी काढून आत पाहिलं. कुठे स्पीकर नाही, तार नाही. तेव्हापासून ती मुद्दाम परीक्षा घ्यायची. रोज सकाळी बाटल्यांची पेटी उचलून दारातून म्हणायची, "येते हं."

"ये."

मग काही दिवसांनी, "लवकर ये."

आणि एका सकाळी अगदी दाराला तोंड लावल्यासारखं, "तळ्यावर चाललीस...?"

त्या दिवशी शंकी तळ्यावर गेलीच नाही. पेटी घेऊन सरळ स्वयंपाकघरात गेली. बाई बटाटे सोलत होत्या.

"मावशी, माझ्या आधी इथे कोण राहत होतं?"

सुरी थांबली.

"आणि 'ये' म्हणायला तुम्हाला कुणी शिकवलं? रोज वर येऊन माझी गंमत करता ना?"

"मी?" बाईंच्या हातातला बटाटा घरंगळत टेबलाखाली गेला. "मी... मी तो शब्द गेल्या उन्हाळ्यापासून तोंडातून काढलेला नाही."

मग त्या हळूहळू बोलत्या झाल्या. गेल्या उन्हाळ्यात एक मुलगी होती. लांब वेणी, तेल लावलेली. ती यांना मावशी म्हणायची, त्या शब्दाचा अर्थही तिनेच शिकवला. निघताना ती 'येते' म्हणायची, यांनी 'ये' म्हणायचं, असा दोघींचा खेळ. एका संध्याकाळी फोनवर घरच्यांशी भांडली. ताडताड जिना उतरली आणि दारातून काहीतरी म्हणाली.

"तोच शब्द होता. पण सुरुवात वेगळी होती. मला वाटलं, माझ्याच कानांची चूक." बाईंनी जपून, अडखळत उच्चारला, "जा...ते."

शंकीने हातातली पेटी खाली ठेवली.

"मी 'ये' म्हणाले नाही गं. कोणत्या शब्दाला काय म्हणायचं, मला कुठे ठाऊक होतं? ती तळ्याकडे गेली. समन्वयक सामान न्यायला आला. म्हणाला, ती मुदतीआधी घरी गेली, आणि हा विषय आता बंद."

शंकी तशीच त्याच्या ऑफिसात धडकली.

"ती घरी पोचली का?"

"कोण?"

"जी त्या घरात कधी राहिलीच नाही असं मी विचारलं नसताना तुम्ही सांगितलंत, ती."

तो हसला, पण या वेळी दात दिसले नाहीत. "हे बघा, तुमचं प्रमाणपत्र तयार आहे. चांगला शेरा दिलाय मी. कशाला नसती उठाठेव?"

म्हणजे एक जिवंत पोर पाण्यासारखी ओतून टाकायची, बाटली विसळायची आणि दुसरी भरायची! शंकीने टेबलावर हात आपटला, आवाज चढवला. त्याने शांतपणे फोन उचलला आणि पहारेकऱ्याला बोलावलं.

निघायच्या दिवशी तिचं एक मात्र ठरलं होतं. दारात तोंड उघडायचं नाही. 'येते' म्हटलं तर परत यावं लागणार, 'जाते' म्हटलं तर त्या पोरीसारखी गत. बॅग घेऊन ती मुकाट्याने जिना उतरली. मावशी दाराशी डोळे पुसत होत्या. वर खोलीचं दार आपलं आपण किलकिलं झालं.  आत कुणीतरी हुंदका गिळल्यासारखं झालं.

शंकीच्या डोळ्यांसमोर समन्वयकाचं ते हसू आलं आणि रागाच्या भरात ठरवलेलं सगळं विसरलं.

"चल तर मग!" ती वर बघून ओरडली. "इथे कशाला मरायला राहतेस?"

म्हणाली आणि जीभ चावली. आपण रोज बोलतो तसं बोलून गेली बिचारी.

वरून आवाज आला, आनंदाने भरून आलेला, "आले गं..." आणि रिकाम्या जिन्यावर, एकेका पायरीवर, ओले पाय उमटत खाली आले.

घरी आल्यापासून शंकी बाहेर पडताना काहीच म्हणत नाही. आईला ते खटकायचं, पण परदेशी जाऊन आलेल्या मुलीची तऱ्हा म्हणून ती गप्प बसायची.

परवा सकाळी शंकी कॉलेजला निघाली. ऊन अंगणभर पसरलेलं. न बोलता तिने चपला घातल्या, दाराची कडी काढली. तोच आई स्वयंपाकघरातून हातातलं लाटणं घेऊन तरातरा बाहेर आली, पांढरीफटक.

"कितीदा सांगितलंय गं तुला? जाते म्हणू नये!"

"आई... मी काहीच बोलले नाही."

"बहिरी आहे का मी? तुझाच आवाज. दोनदा म्हणालीस."