अर्धा आटा सैल

पहिल्या भेटीत दोघं भर रस्त्यात गुडघे टेकून एक स्क्रू शोधत होती. तिच्या चष्म्यातून निसटलेला, तिळाएवढा! ती छापखान्यात मुद्रितं तपासणारी, तो समोरच्या दुकानातला चष्मेवाला. स्क्रू त्याला सापडला... आणि तेव्हापासून दर दोन दिवसांनी सैल होऊ लागला.

इकडे कामाचे बारा वाजले. शनिवारपर्यंत पुस्तक तपासून झालं नाही तर पुढची पुस्तकं दुसऱ्याला, असं मालकांनी बजावलं.

"नवीन काही करू नकोस," मोठ्या ताईनं सांगितलं, "काय टाळायचं तेवढं ठरव."

तिनं चिठ्ठीवर लिहिलं: कामात फोन बघणे. दर तासाला चहा. तपासलेलं पान पुन्हा वाचणे. चष्मेवाल्याकडे जाणे. रोज सकाळी नजरेस पडावी म्हणून चिठ्ठी चष्म्याच्या डबीत ठेवली.

पहिल्या तीन सवयी सुटल्या, तशी पानं भराभर हलली. चौथी टाळली, तर एकच ओळ चारदा वाचूनही डोक्यात शिरेना. आता हे काय भलतंच? गुरुवारी चष्म्याची दांडी लोंबायला लागली तेव्हा ती गेली. नाइलाजानं हं! आणि या बाईनं चष्मा डबीसकट त्याच्या हातात दिला.

त्यानं चिठ्ठी वाचली. "चौथा मी?"

"अहो, तुम्ही नाही... म्हणजे तुम्हीच, पण—" तिला धरणी दुभंगली तर बरं, असं झालं.

"चूक माझीच आहे," तो मान खाली घालून म्हणाला. "दर वेळी मी अर्धा आटा सैल ठेवायचो. तुम्ही परत यावं म्हणून. कामाचा खोळंबा होत असेल, हे डोक्यातच आलं नाही." त्यानं स्क्रू घट्ट आवळला, वर गोंदाचा थेंब सोडला. "आता वर्षभर हलायचा नाही."

खरं तर राग यायला हवा होता. आलं रडूच. का, तेही कळेना!

मग दोन दिवस तिनं मान वर केली नाही. गोंधळ होताच, पण कशाचा ते निदान कळलं होतं. शनिवारी दुपारी शेवटचं पान मालकांच्या टेबलावर ठेवून ती तडक दुकानात. चष्मा एका हातात, दांडी दुसऱ्यात.

"अहो, एवढा पक्का बसवला होता मी!"

"माहितेय. दोन नखं तुटली माझी." तिनं श्वास घेतला. "ती यादी... फक्त कामाच्या वेळेपुरती होती."

त्यानं दांडी तिच्या हातातून घेतली. मग हळूच म्हणाला, "म्हणजे... अर्धा आटा सैल ठेवू?"

"नको, घट्टच आवळा," ती म्हणाली. "मी तशीही रोज येणार आहे."