अ‍ॅन आर्बरचे कावळे

दुपारी कावळ्यांना ठेवलेला भात गॅलरीत गोठून दगड झाला होता, म्हणून पोपटराव पुन्हा दही-तांदूळ आणायला बाहेर पडले. राजनंदिनीनं, त्यांच्या लेकीनं, स्वतःचा जाड कोट त्यांना चढवला, कानटोपी कानाखाली ओढली आणि वाट दोनदा समजावली. सरळ जायचं, पुस्तकांच्या दुकानापाशी वळायचं, समोरच आपल्या माणसांचं दुकान.

अ‍ॅन आर्बर हे अमेरिकेतलं विद्यापीठाचं गाव. रस्त्यानं सगळी पोरंच, पाठीवर सॅक, हातात कॉफी. एखादा म्हातारा दिसलाच तर तो प्रोफेसर असायचा, नाहीतर पोपटरावांसारखा कुणाचा तरी बाप. पायाखाली मिठाचे खडे करकरत होते. बर्फ वितळावं म्हणून इथं रस्त्यावर मीठ टाकतात. आल्या दिवशी ते बघून पोपटराव जागीच थबकले होते.

"कुणी दृष्ट काढून टाकलीया का काय?"

राजनंदिनी, त्यांची नंदू, हसली होती. त्या हसण्यात तिच्या गालाची हाडं वर आली, तेव्हा पोरगी किती वाळलीय हे त्यांना कळलं.

सामान घेऊन ते परतले तर पाचच वाजले होते, पण उजेड पार मलूल झाला होता, गावी शिरूरला दिवेलागणीला असतो तसा. आणि डोक्यावरून कावळे जायला लागले. आधी दोन-चार, मग थवे, मग नुसती काळी रांग, तिला शेवटच नाही. हिवाळ्यात हे असंच असतं म्हणे. दिवसभर लांब मक्याच्या रानात चरायचं आणि अंधार पडायच्या आत कॉलेजच्या झाडांवर मुक्कामाला यायचं. येताना नुसता गलका. नंदूच्या घरासमोरच्या ओकच्या झाडावर बसले, की मात्र गप्प.

कावळा दिसला की पोपटराव थांबून त्याच्याकडं बघत राहायचे.

गेल्या पौषात सिंधूबाई तापाचं निमित्त होऊन गेल्या. दहाव्याला घोड नदीच्या घाटावर भावकी जमली, पिंड ठेवले, आणि कावळा काही शिवेना. बाभळीवर चार-पाच बसले होते, पण खाली उतरायचं नाव नाही. गेलेल्या माणसाचं मन कुठं तरी अडकलंय, असं सगळे कुजबुजले आणि एकेक जण पुढं होऊन शब्द द्यायला लागला. पोरीचं शिक्षण पुरं करू. अंगणातल्या शेवंतीला पाणी चुकवणार नाही. सिंधूबाईंचा भाऊ सोपानराव हात जोडून म्हणाला, "अक्का, दाजींना दुसरं लगीन करू देणार न्हाई. जा निवांत." रडणारी माणसंही हसली. कावळे हलले नाहीत. ऊन डोक्यावर आलं, गुरुजींना पुढच्या गावाला जायचं होतं. शेवटी दर्भाचा कावळा करून तोच पिंडाला लावला आणि मंडळी आंघोळी करून घरी गेली.

नंदू तेव्हा फोनवर होती. व्हिसाचे कागद अडकले होते. आली असती तर पुन्हा अमेरिकेला जाता आलं नसतं. पुतण्या ज्ञानेश सगळा वेळ मोबाइल उंच धरून उभा होता. तिच्याकडं तेव्हा मध्यरात्र होती.

तेव्हापासून पोपटरावांना एका जागी बसवत नव्हतं. रानात गेलं की घरी यावंसं वाटे, घरी आलं की ओट्यावर, ओट्यावरून पुन्हा रानात. काय राहिलं होतं तिचं? नंदूला ठाऊक असेल, या आशेवर ते वर्षश्राद्ध लेकीजवळ घालायला इथवर आले होते. सिंधू सुटावी, एवढंच त्यांना हवं होतं.

नंदूची खोली एका जुन्या लाकडी घराच्या माडीवर होती. जिन्याच्या पायऱ्या कुरकुरायच्या. आत हीटरचा कोरडा, धूळ भाजल्यासारखा वास, आणि भिंतीतल्या पाइपातून थांबून थांबून ठक… ठक…

तिन्हीसांजेला पान ठेवू नये हे पोपटरावांना ठाऊक होतं. पण दिवसा गावात कावळाच नसेल तर माणसानं करायचं काय? त्यांनी मऊ भाताची मूद केली, वर दही घातलं, ताटली गॅलरीच्या कठड्यावर ठेवली आणि काचेचं दार लावून आत उभे राहिले. समोरचा ओक काळाभोर झाला होता. एक पंख हलत नव्हता. सगळ्या चोची या खिडकीकडं होत्या.

"सिंधू," ते हळू म्हणाले, "काय राहिलंय… सांग की."

मागं नंदू जेवणाची तयारी करत होती. टेबलावर ताटांचा आवाज झाला. एक. दोन. मग तिसरा.

"त्ये कुणाला?"

"आईला."

"तिचं पान बाहेर ठेवलंय की, बाय."

"आई बाहेर न्हाई जेवत, आप्पा. लई थंडी असते."

ती इतक्या साधेपणानं बोलली की पोपटराव आधी नुसतं "व्हय" म्हणाले. मग ते वळले. पाइपातली ठकठक थांबली होती.

"नंदू… काय बोलतीयास तू?"

ती खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. तिसऱ्या खुर्चीच्या.

"दहाव्याला तुम्ही सगळे घाटावर शब्द देत होता ना… मामा ते लग्नाचं बोलले तवा, मीबी इथं ताटलीत दहीभात घेतला. खिडकीबाहेर ठेवला. फोन उपडा केला आन् म्हणाले, आई, तिकडं कशाला थांबतीस? इकडं ये. माझ्यापाशी राहा."

"मग?"

"मग शिवला."

"कोण?"

"कावळा. आधी काचेवर चोच वाजवली. मग खाल्लं सगळं. तिकडं तुम्ही दर्भ शोधत होता."

कावळा मध्यरात्री उडत नाही, हे जन्मभर रानात राहिलेल्या माणसाला कुणी सांगायला नको होतं.

"मला सांगितलं का न्हाईस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही तिला सोडवायला आला असता."

"सोडवायलाच आलोय. तुझ्या अंगावर मांस ऱ्हायलं न्हाई, पोरी. शब्द माघारी घे. जा म्हण तिला."

"हळू बोला," नंदू कुजबुजली. तिची नजर हीटरजवळच्या कोपऱ्यात गेली आणि तिथंच राहिली. "म्हणून बघितलंय, आप्पा. लई वेळा. आधी बरं वाटायचं… कुणीतरी आहे असं वाटायचं. आता झोपूच देत न्हाई. उशाशी येऊन बसती. मी जा म्हणते… आन् ती नुसती माझ्याकडं बघती."

पोपटराव कोपऱ्याकडं बघत राहिले. तिथं काहीच नव्हतं. पण तीस वर्षं जिच्याबरोबर संसार केला, ती रुसून बसली की खोलीतली हवा कशी जड होते, हे त्यांच्या अंगाला ठाऊक होतं. तशी ती झाली होती. त्यांना भीती वाटायच्या आधी रागच आला, घरचा, नेहमीचा राग.

"काय चालवलंयस गं ह्ये?" ते म्हणाले. "पोटच्या पोरीला छळतीस? एकटीला करमत न्हाई, व्हय? सोड तिला. मी राहतो तुझ्यापाशी. मग तर झालं?"

बाहेर पंखांचा एकच आवाज झाला.

एक कावळा कठड्यावर उतरला होता. मोठा, मानेवर बर्फाचा भुगा. त्यानं मान तिरकी करून आत पाहिलं, चोच भातात खुपसली आणि दहीभाताचा मोठा घास उचलला. मागोमाग अख्खा ओक रिकामा होऊ लागला. हजारो कावळे उठले, आणि कुणी ओरडत नव्हतं.

"शिवला, आप्पा… शिवला!" नंदू धावत येऊन त्यांच्याशेजारी काचेला चिकटून उभी राहिली. किती तरी दिवसांनी तिचा श्वास मोकळा झाला होता. ती रडत होती, आणि तिच्या तोंडासमोर काचेवर वाफेचा पांढरा ठिपका उमटत होता, विरत होता, पुन्हा उमटत होता.

पोपटरावांना सुटल्यासारखं वाटलं. वर्षभरात पहिल्यांदाच त्यांचे पाय एका जागी शांत राहिले होते. ते तसेच उभे राहून रिकामं झाड बघत होते, तेव्हा त्यांचं लक्ष काचेवर गेलं. त्यांच्या दुसऱ्या बाजूला, खांद्याच्या उंचीवर, आणखी एक ठिपका होता. लहानसा. तोही सावकाश उमटत होता आणि विरत होता.

ते काचेजवळ वाकले आणि तोंड उघडून मोठा श्वास सोडला.

त्यांच्यासमोरची काच स्वच्छच राहिली.