झाडावरची मागूर

अक्षयतृतीयेला थोरल्या बहिणीला माहेरी आणायचं, एवढ्यासाठीच घनश्याम निघाला होता. साल एकोणीसशे बावन्न. बी.एस्सी.ची परीक्षा देऊन तो नुकताच नागपूरहून मुर्रीला आला होता, आणि ही बहीण, शामकला, दिली होती पार जंगलापलीकडे, बेहडाटोल्याला. बैलांची रेंगी हाकायला बिसराममामा होता, वाट दाखवायला शामकलेचा धाकटा दीर दुलीचंद. रात्रीपुरतं गोरेगावला थांबून सकाळी तिघं जंगलात शिरले.

ते जंगल घनश्यामच्या मनातून पुढे कधी गेलंच नाही. वाटेवर पडलेली पिकली तेंदूफळं, वेचून उरलेल्या मोहफुलांचा गोडसर वास, बैलांच्या गळ्यातल्या घंटांचा संथ आवाज. दुलीचंद मात्र सारखा घाई करत होता. आज बेहडाटोल्यात मासोळी धरायचा दिवस होता. तलावाचं पाणी गुडघ्यावर आलं की सारं गाव एकदमच त्यात उतरायचं आणि घरोघरचे सारखे वाटे पाडायचं. वाटे पडेपर्यंत कोणी तलावाबाहेर यायचं नाही, हा गावचा कायदाच होता. उशीर झाला तर माझा वाटा वहिनी गिळेल, असं म्हणत तो बैलांच्या शेपट्या पिळायचा आणि मामा त्याच्या हातावर चापट मारायचा.

दुपार कलली तसा वारा पडला. पाखरं गप्प झाली. पश्चिमेचं आभाळ काळ्यातून हिरवट दिसू लागलं. असा रंग घनश्यामनं कधी पाहिला नव्हता, त्यामुळे तो उठून उभाच राहिला. मग आवाज आला. मालगाडी लोखंडी पुलावरून जावी तसा! पण इथे रूळ कुठले?

"नाल्यात!" मामा ओरडला.

त्यानं बैलांचं जू सोडलं. बैल उधळले. तिघं कोरड्या नाल्यात पालथे पडले. माती डोळ्यांत गेली. फांद्या कडाडल्या. घनश्यामनं मान वर केली. झाडांच्या वर आभाळातून लोंबणारी काळी सोंड गरगरत होती! मामानं त्याची मान दाबली. आणि तितक्यात सारं थांबलंही.

वर येऊन पाहतात तो वाट नव्हती. रेंगी एका ऐनाच्या झाडाखाली चिरडली होती. जंगलातून जणू नांगर फिरला होता. पट्ट्याच्या दोन्ही अंगांना झाडं शहाण्यासारखी उभी होती आणि मधले साग पिळलेल्या धोतरासारखे बुंध्यापाशी मुरडले होते. घनश्याम ते निरखत राहिला. हा भोवरा बेहडाटोल्याकडूनच आला होता. ते लक्षात आलं तेव्हा त्याचं कुतूहल एकदम आटलं.

खोडांवर चढत, खाली सरपटत ते निघाले. एका मोडक्या फांदीला मोहोळ होतं. मामाचा पाय पडला. माश्या उठल्या! तिघं तोंडावर धोतर ओढून धडपडत पळाले. मामाचा कान सुजून पुरीएवढा झाला. एरवी दुलीचंदनं त्याची टर उडवली असती.

पुढे एका उभ्या बिजाच्या झाडावर काहीतरी चमकत होतं. मासोळ्या! फांद्यांवर, पानांवर, खाली चिखलात. एक मागूर मिशा हलवत जिवंत पडली होती. घनश्यामनं ती पटकन रेंगीतून वाचवलेल्या पाण्याच्या गडव्यात टाकली. नागपुरात प्रोफेसरांसमोर हा पुरावा ठेवायचा. कोण विश्वास ठेवणार नाहीतर!

दुलीचंद खाली बसला होता.

"काऊन बसला गा?" मामानं विचारलं.

"तलाव उचलला वावधनानं," दुलीचंद म्हणाला. "आज सारे तलावातच होते."

गडवा घनश्यामच्या हातात जड झाला. ते पळतच सुटले.

बेहडाटोल्यात एकही घर उभं नव्हतं. छपरांचे कवेलू, ढोल्यांतलं धान, भांडीकुंडी सगळं शेतांवर विखुरलं होतं. माणूस मात्र एकही नाही. तिघं तलावाच्या पाळीवर चढले. तळात चिखल आणि एखाददुसरं डबकं उरलं होतं. आणि पाळीच्या आतल्या कुशीत, चिखलानं माखलेली, एकमेकांना बिलगलेली माणसं बसली होती. सोंड तलावाच्या दुसऱ्या टोकावरून गेली होती.

शामकला उठून आली.

"भाऊ येऊन राहिला म्हणून मी घरी निघाली होती," ती म्हणाली. "सासूनं हात धरला. वाटे पडू दे म्हणे. लय राग आला होता मले." एवढं बोलून ती त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

तिची सासू देवकाबाई गडव्यात डोकावत होती. ही कुठली, असं तिनं विचारलं. घनश्यामनं जंगलातलं सारं सांगितलं, नागपूरचंही. ऐकता ऐकता ती कमरेला पदर खोचू लागली. आधी घरांचं पाहावं, असं कोणीतरी म्हणालं.

"घरं मंग बांधू," ती म्हणाली. "मासोळी थांबून नाही राहत."

दिवस मावळायच्या आत सारं गाव हंडे, घागरी, मोडकी टोपली घेऊन जंगलात शिरलं. जिवंत मागुरी वेचून उरल्यासुरल्या डबक्यात सोडल्या. एका मागुरीनं तलाव भरत नाही, हे घनश्यामला नीट ठाऊक होतं. तरी तो चिखलात उतरला आणि त्यानं गडवा वाकडा केला. मिशा हलल्या, पाणी गढूळ झालं.

नागपुरात प्रोफेसर हसले. पण तिसऱ्या वर्षी वैशाखात दुलीचंद मुर्रीच्या दारात उभा राहिला, पळसाच्या पानांत गुंडाळलेल्या मागुरी घेऊन.

"तुमचा वाटा," तो म्हणाला.