अठरा खिळ्यांची ओळ

ताईचा चष्मा आणि तिचा हाताएवढा आरसा आणायला भरदुपारी मी छापखान्यात गेलो, एवढंच. ती तिथे खिळे जुळवायची. शिशाचा एकेक खिळा उचलून ओळ रचायची. तिला जाऊन तीन आठवडे झाले होते.

मालकांनी दोऱ्याने बांधलेली एक ओळ पुढे केली. नुसते आकडे. "तिची शेवटची जुळणी. कुणाचं काम होतं, ठाऊक नाही. सोडवायला कुणाचा हात धजत नाही बघ."

एका टोकाला एक, दुसऱ्याला दोन. मी लगेच ओळखलं. आजारी पडायच्या आदल्या दिवशी हाच आकडा तिने कागदावर लिहून माझ्यापुढे ठेवला होता.

"याची दुप्पट कर. गंमत आहे."

"चौथीत गणितानेच मला शाळेबाहेर काढलं. आता तू छळू नकोस."

"अरे, सुरुवातीचा एक म्हणजे मी. शेवटचा दोन म्हणजे तू."

"मला दोन नंबरी म्हणतेस?"

ती हसली. मी कागदाचा बोळा करून भिरकावला, तसं तिचं हसू विझलं. मग ताप, मग दवाखाना. चुकलो म्हणायचं राहूनच गेलं. ती रागावून गेली का, एवढंच मला कळायला हवं होतं.

खिळ्यांवरचे आकडे उलटे असतात. आरसा धरून मी ते उतरवून घेतले: १०५२६३१५७८९४७३६८४२. तिथेच स्टुलावर बसून दुप्पट करायला लागलो. उजवीकडून, हातचा धरत, ती शिकवायची तशी. घाम फुटला. उत्तर आलं: २१०५२६३१५७८९४७३६८४.

तेच आकडे, त्याच क्रमाने! फक्त शेवटचा दोन उठून सगळ्यात पुढे, एकाला खेटून बसलेला.

"मालक! मी तिच्याजवळ पोचलो!" मी ओरडलोच.

"हळू रे... झालं काय?"

त्यांना दाखवायला आरसा धरला आणि... खिळ्यांमध्येही आता दोन पुढे होता. दोऱ्याची गाठ जशीच्या तशी.

"मघाशी पुढे एक होता ना?" मालक पुटपुटले.

"होता."

ते दोन पावलं मागे सरकले. "घेऊन जा ते... आत्ताच्या आत्ता."

भीती? छे! ओळ छातीशी धरून मी घरापर्यंत पळत आलो. पुन्हा दुप्पट केली: चार पुढे आला. आरशातही चार. पुन्हा केली: आठ. आरशातही आठ! खोलीभर शाईचा आणि रॉकेलचा वास पसरला, ताईच्या हातांना यायचा तोच.

"ताई... रागावली नाहीस ना?"

मी चौथ्यांदा दुप्पट करायला घेतली. या वेळी आकडा अठरा घरांत मावेना. शेवटी हातचा एक उरला, तो पुढे मांडावा लागला. एकोणीस आकडे झाले. सुरुवातीला एक, शेवटी दोन. पुन्हा ती आणि मी.

पण खिळे तर अठराच. एकोणिसावा ती कुठून आणणार?

आरसा उचलायचा धीर होईना. डोळे मिटले आणि माझ्या दोनापासून बोटाने चाचपत मोजत गेलो. सोळा... सतरा... अठरा...

एकोणीस.

तो खिळा गरम होता. शेवटच्या दिवशी तिच्या कपाळाला हात लावला होता, तेवढा गरम. आणि तिने मारलेली गाठ अजून सुटलेली नव्हती.